ओझरचा विमान कारखाना: सहा दशकांच्या मालाचे आणि सेवेचे परीक्षण

नाशिकहून मुंबई–आग्रा महामार्गाने चांदवडच्या दिशेने निघाले की सुमारे वीस किलोमीटरवर ओझर लागते. जुन्नरकडच्या विघ्नहर गणपतीच्या ओझरशी गल्लत होऊ नये म्हणून या भागात ‘ओझर मिग’ असेच म्हणतात. मिग या सोव्हिएत बनावटीच्या लढाऊ विमानाचे उत्पादन थांबून तीन दशके होत आली, तरी गावाला चिकटलेले ते नाव सुटलेले नाही. हिंदुस्थान एअरोनॉटिक्स लिमिटेड अर्थात एचएएलचा नाशिक विभाग तो हाच. लढाऊ विमानाचे परीक्षण वर्तमानपत्रांत येते ते बहुधा वैमानिकाच्या किंवा सेनाधिकाऱ्याच्या नजरेतून, आणि त्यात वेग, शस्त्रे व उंची यांचीच चर्चा अधिक असते. येथे मात्र कोणत्याही कारखान्याला लावावेत तेच साधे निकष लावायचे आहेत: माल कसा आहे, किंमत वाजवी आहे का, दिलेली तारीख पाळली जाते का, आणि विक्रीनंतर दुरुस्तीची जबाबदारी कोण आणि कशी घेतो. विमान वायुदल वापरते, पण बिल आपण भरतो. तेव्हा हे प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. दुसऱ्याने आखलेली वस्तू बरहुकूम घडवणे आणि वय झालेल्या विमानात नवा जीव घालणे या दोन कामांत हा विभाग तरबेज आहे. किमतीच्या बाबतीत तो महाग आहे. आणि त्याचे बहुतेक दोष ओझरच्या कारागिरांचे नसून 1962 ते 1964 या काळात त्याला ज्या साच्यात ओतले गेले त्या साच्याचे आहेत.

तो साचा समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. एचएएलची मूळ कंपनी हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन 23 डिसेंबर 1940 रोजी बंगळूर येथे स्थापन केली. युद्धाच्या धामधुमीत सरकारने 1942 मध्ये ती ताब्यात घेतली आणि वालचंदांचा तिच्याशी असलेला संबंध संपला. तरीही बंगळूरच्या त्या कारखान्याला एक सवय लागली होती, ती स्वतःची विमाने आखण्याची. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे, ज्यांनी जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांडटल यांच्या हाताखाली वायुगतिकीचा अभ्यास केला होता, त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-2 हे प्रशिक्षण विमान आखले गेले आणि ऑगस्ट 1951 मध्ये ते उडाले. पुढे जर्मन अभियंता कुर्ट टँक यांना पाचारण करून मारुत हे लढाऊ विमान तयार झाले, त्याचे पहिले उड्डाण जून 1961 मध्ये झाले. मारुतला शेवटपर्यंत पुरेशा ताकदीचे इंजिन मिळाले नाही, ही त्याची मोठी उणीव होती. पण त्याचे रेखाटन, चुका आणि दुरुस्त्या सगळे आपल्या घरात घडत होते.

नाशिकची कुळकथा याहून निराळी आहे. ऑगस्ट 1962 मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-21 साठी करार झाला तो विमान आखण्यासाठी नव्हता, आखलेले विमान परवान्यावर बांधण्यासाठी होता. ही जबाबदारी बंगळूरच्या कंपनीकडे न देता ऑगस्ट 1963 मध्ये एअरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड नावाची वेगळी सरकारी कंपनी काढण्यात आली आणि तिचे काम तीन ठिकाणी वाटले गेले: विमानाचा सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशातील कोरापुट येथे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. चीन युद्धानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले यशवंतराव चव्हाण 1963 मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले होते, त्यामुळे नाशिकला हा कारखाना मिळण्याचे श्रेय त्यांना दिले जाते आणि ते रास्तही आहे. मात्र एकाच विमानाचे धड, हृदय आणि डोळे तीन राज्यांत ठेवण्याची ही वाटणी कारखान्याच्या सोयीने झाली असे म्हणणे कठीण आहे. 1 ऑक्टोबर 1964 रोजी ही नवी कंपनी आणि बंगळूरची जुनी कंपनी यांचे विलीनीकरण होऊन आजची एचएएल जन्माला आली. कागदावर घर एक झाले, पण रेखाटनाची वही बंगळूरला राहिली आणि ओझरच्या वाट्याला दुसऱ्याच्या रेखाटनाबरहुकूम हातोडी चालवणे आले. पुढे एचएएलने आपल्या विभागांचे गट पाडले, तेव्हा नाशिक आणि कोरापुट यांना मिळून ‘मिग संकुल’ म्हटले गेले. एका परदेशी कंपनीच्या उत्पादनावरून आपल्याच सरकारी उद्योगाच्या एका संपूर्ण गटाचे नाव पडावे, यात त्या विभागाची सारी मर्यादा आली.

आता मालाकडे वळू. 1966 पासून 1987 पर्यंत ओझरने मिग-21 ची तीन रूपे बांधली, ती मिळून साडेपाचशेहून अधिक भरतात. त्यांची सुरुवात रशियातून आलेले तयार भाग जोडण्यापासून झाली आणि काही वर्षांतच कच्च्या मालापासून सांगाडा घडवण्यापर्यंत मजल गेली. जो देश वीस वर्षांपूर्वी सायकलचे सुटे भाग आयात करत होता, त्याच्यासाठी ही मजल लहान नव्हती. 1971 च्या युद्धात मिग-21 ने जामनगरजवळ पाकिस्तानचे एफ-104 लढाऊ विमान पाडले आणि ढाक्याच्या राज्यपाल निवासावरील हल्ल्यातही भाग घेतला. त्यापाठोपाठ मिग-27 ची सुमारे 165 विमाने येथे बांधली गेली; ती 2019 च्या डिसेंबरात जोधपूर येथे निवृत्त झाली, आणि शेवटच्या मिग-21 ने 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगढ येथे वायुदलाचा निरोप घेतला. ज्या मालाची मूळ रचना 1950 च्या दशकातील आहे तो 2025 पर्यंत सेवेत राहिला, याचे श्रेय ओझरच्या देखभालीला जाते आणि दोष नवे विमान वेळेवर न आणणाऱ्या सर्वांना.

परंतु मिगविषयी बोलताना अपघातांचा आकडा टाळून चालणार नाही. 2012 मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार भारताने घेतलेल्या 872 मिग विमानांपैकी 482 अपघातांत गेली होती, आणि त्यांत 171 वैमानिकांसह अनेकांचे प्राण गेले. त्यांनीच मानवी चुका आणि तांत्रिक बिघाड अशी दोन्ही कारणे नोंदवली. जलद प्रशिक्षण विमानाची वर्षानुवर्षे उणीव, पक्ष्यांची धडक, उतरताना लागणारा प्रचंड वेग अशी कारणे या विमानाच्या वाट्याला आली, त्यामुळे सगळा हिशेब उत्पादकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही उत्पादकाला पूर्णपणे मोकळे सोडता येत नाही. 2005 मधील एका मिग-21 दुर्घटनेत जायबंदी झालेल्या वायुदल अधिकाऱ्याने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा 2017 मध्ये न्यायालयाने विमानाच्या कामातील दोषाची जबाबदारी एचएएलवर ठेवून एकूण 55 लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. सदोष मालाबद्दल ग्राहकाला न्यायालयातून भरपाई मिळण्याचे असे उदाहरण भारतीय संरक्षण उत्पादनात विरळाच म्हणावे लागेल, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातील ते एक महत्त्वाचे पान आहे, कारण सरकारी कारखान्याचे गिऱ्हाईक म्हणजे फक्त खाते नव्हे, त्या विमानात बसणारा माणूसही आहे, हे त्यात प्रथमच लिहून ठेवले गेले.

मला या विभागाचे सर्वांत जास्त कौतुक वाटते ते त्याच्या जुन्याचे नवे करण्याच्या कामाचे. 1996 च्या करारानुसार 125 मिग-21 विमानांचे आधुनिकीकरण होऊन ती ‘बायसन’ झाली. त्यांपैकी पहिली दोन रशियात तयार झाली आणि बाकीचे काम ओझरला झाले. रशियन रडार आणि क्षेपणास्त्रे, फ्रेंच दिशादर्शन यंत्रणा, शत्रूच्या रडारचा इशारा देणारे भारतीय बनावटीचे यंत्र अशी वेगवेगळ्या देशांची उपकरणे एका अरुंद सांगाड्यात बसवणे, त्यांच्या तारा एकमेकींशी बोलत्या करणे आणि वजनाचा तोल न बिघडू देणे हे काम परवाना उत्पादनापेक्षा कितीतरी कठीण असते. 2004 मध्ये ग्वाल्हेर येथील सरावात अमेरिकी वैमानिकांना बायसनने चकित केले, हे त्यांच्याच बाजूने मान्य झाले. सुखोई या रशियन आखणीच्या लढाऊ विमानाच्या पोटाखाली अडीच टनांचे ब्रह्मोस क्षेपणास्त्र बसवण्याचे काम त्याच जातकुळीचे होते. जून 2016 मध्ये ओझरच्या धावपट्टीवरून ब्रह्मोससह सुखोई प्रथम उडाले आणि 22 नोव्हेंबर 2017 रोजी बंगालच्या उपसागरावर त्यातून क्षेपणास्त्र डागले गेले. अशा कामात दुसऱ्याची वही पुरत नाही, स्वतः विचार करावा लागतो. आणि संधी मिळाली तेव्हा ओझरने तो केला.

खरी गुंतागुंत आहे ती सुखोई-30 एमकेआयची. डिसेंबर 2000 मध्ये 140 विमानांच्या परवाना उत्पादनाचा करार झाला, पुढे 2007 मध्ये 40 आणि 2012 मध्ये 42 विमानांची भर पडली, आणि अशा रीतीने 222 विमानांचे काम ओझरकडे आले. विमान उत्कृष्ट आहे याबद्दल दुमत नाही; दोन आसने, दोन इंजिने, लांब पल्ला आणि हवेत कसरती करण्याची असामान्य क्षमता यांमुळे ते आज वायुदलाचा कणा आहे. प्रश्न आहे तो ‘भारतात बनलेले’ या शब्दांत नेमके किती मावते याचा. या विमानात सुमारे 43 हजार घटक असतात आणि त्यांपैकी 31 हजार 500 म्हणजे जवळपास 73 टक्के घटक येथे बनतात, असे सांगितले जाते. ऐकायला हे उत्तम वाटते. परंतु करारातील अट अशी की टायटॅनियमचे ठोकळे, ओतीव व घडीव भाग, ॲल्युमिनियम आणि पोलादाचे पत्रे इतकेच नव्हे तर नट, बोल्ट, रिबेट यांसारख्या सात हजारांवर किरकोळ वस्तूसुद्धा रशियातूनच घ्यायच्या. ओझरच्या यंत्रशाळेत याचा अर्थ कसा दिसतो ते पाहा. 486 किलो वजनाचा टायटॅनियमचा ठोकळा रशियाहून येतो आणि तो कापून, पोखरून, घासून शेवटी शेपटीचा 15.9 किलोचा एक भाग तयार होतो. पंखातील एक ब्रॅकेट 3.1 किलोचा असतो, तो 27 किलोच्या घडीव तुकड्यातून काढावा लागतो. उरलेले टायटॅनियम, ज्याचे पैसे आपण डॉलरमध्ये मोजलेले असतात, ते चुऱ्याच्या रूपाने वाया जाते. कारागिराचे कौशल्य वादातीत आहे, कारण इतक्या कठीण धातूतून इतका नेमका भाग काढणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. मात्र तो भाग जवळजवळ अंतिम आकारात ओतून किंवा घडवून घेतला असता तर हा सारा श्रम, वेळ आणि धातू वाचला असता, आणि तसे ठरवण्याचा अधिकार करारामुळे ओझरकडे नव्हता.

किमतीचे कोडे येथेच उलगडू लागते. रशियात बनलेल्या विमानापेक्षा ओझरचे सुखोई सुमारे दीडशे कोटी रुपयांनी महाग पडते, असा हिशेब 2018 च्या सुमारास वृत्तपत्रांतून जाहीरपणे मांडला गेला आणि त्यावरून एचएएलवर बरीच टीका झाली. टीकेत तथ्य आहे. वर्षाला डझनभर विमाने बांधणाऱ्या कारखान्यात तासांचा खर्च पसरायला जागा कमी असते, परवान्याची रक्कम वेगळी द्यावी लागते, आणि ज्याला एकच गिऱ्हाईक आहे व त्या गिऱ्हाइकालाही दुसरे दुकान नाही, त्या कारखान्याला खर्च कमी करण्याची घाई फारशी नसते. तरीही केवळ खरेदीची किंमत पाहून निकाल देणे मला पटत नाही. असे विमान तीस-चाळीस वर्षे वापरले जाते, आणि त्या काळात त्याच्या देखभालीवर खरेदीइतकाच किंवा त्याहून अधिक पैसा जातो. सुमारे 1,500 उड्डाण-तास किंवा 14 वर्षे झाली की सुखोई पूर्ण उघडून तपासावे लागते, आणि ते काम ओझरला होते. प्रत्येक विमान जर रशियाला पाठवावे लागले असते, तर 2022 नंतरच्या रशिया-युक्रेन युद्धाच्या काळात वायुदलाची काय अवस्था झाली असती याचा विचार करून त्या दीडशे कोटींकडे पाहावे.

विक्रीनंतरच्या सेवेचा लेखाजोखा संमिश्र आहे. गेल्या दशकाच्या पूर्वार्धात कोणत्याही दिवशी निम्म्याहून कमी सुखोई उड्डाणास सज्ज असत, ही स्थिती लाजिरवाणी होती. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाल्यावर त्यांनी सुट्या भागांचा पुरवठा हा विषय स्वतः लावून धरला आणि 2015 मध्ये हे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या पुढे गेल्याचे सांगितले. इंजिनातील बेअरिंग झिजून तेलात धातूचे कण उतरण्याची तक्रारही त्याच काळातली, पण इंजिन कोरापुटचे आणि सांगाडा ओझरचा, त्यामुळे वायुदलाने कोणाच्या दारात उभे राहायचे हा प्रश्न 1963 च्या त्या वाटणीपाशीच जाऊन पोहोचतो. सामान्य गिऱ्हाइकाला एका खिडकीवर तक्रार नोंदवता आली पाहिजे, ही अपेक्षा लढाऊ विमानाच्या बाबतीतही गैरलागू नाही.

वेळेचा मुद्दा निघाला की सगळे बोट एचएएलकडे दाखवतात, आणि बऱ्याचदा ते योग्य असते. मात्र मागणी देणाराही तितकाच बेभरवशाचा आहे. मिग-27 चे काम 1990 च्या दशकात संपले आणि पहिले सुखोई 2004 मध्ये हाती आले. मधली वर्षे ओझरने दुरुस्ती आणि आधुनिकीकरणावर काढली. सुखोईची मागणी पूर्ण होत आली तेव्हा तीच स्थिती पुन्हा उद्भवली आणि 12 विमानांची नवी, साडेतेरा हजार कोटींची मागणी नोंदवायला डिसेंबर 2024 उजाडले. रिबेट मारणारा हात चार-पाच वर्षे रिकामा राहिला की ती कला परत शिकवावी लागते, आणि नाशिकच्या सातपूर-अंबड परिसरातील लहान कारखानदाराने लाखोंचे यंत्र घेऊन ठेवले असेल तर त्याच्या कर्जाचा हप्ता मागणीची वाट पाहत थांबत नाही.

म्हणूनच ओझरला सध्या जे चालले आहे त्याकडे मी अधिक उत्सुकतेने पाहतो. 17 ऑक्टोबर 2025 रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत येथे तेजस मार्क-1ए या विमानाची एचएएलमधील तिसरी उत्पादन-मालिका सुरू झाली, येथे बनलेले पहिले तेजस त्या दिवशी उडाले, आणि एचटीटी-40 या प्रशिक्षण विमानाचीही दुसरी मालिका त्याच वेळी कार्यान्वित झाली. ही दोन्ही विमाने भारतात आखलेली आहेत. ज्या विभागाला आखणीच्या घरापासून दूर ठेवून जन्म दिला, त्याच्या जिगवर, म्हणजे विमान जोडण्याच्या चौकटीवर, साठ वर्षांनी भारतीय रेखाटनाचे लढाऊ विमान चढले आहे, आणि त्यातील एखादा भाग ठोकळ्यातून कापायचा की जवळच्या आकारात ओतून घ्यायचा हे विचारायला आता मॉस्कोला पत्र पाठवावे लागत नाही. नागरी क्षेत्रातही हालचाल आहे. एअरबसच्या ए-320 जातीच्या विमानांच्या देखभालीचे केंद्र नाशिकला उभारण्यासाठी 2023 मध्ये करार झाला. विमान कंपन्या काम आवडले नाही तर विमान दुसरीकडे नेतात, त्यामुळे ओझरच्या वेळापत्रकाला आणि दरपत्रकाला याहून कठोर परीक्षक मिळणे कठीण आहे. ओझरच्या विमानतळावर एचएएलच्याच धावपट्टीवरून 2014 पासून प्रवासी टर्मिनलही चालते. नाशिककरांचा या विभागाशी थेट संबंध येतो तो बहुधा तेवढाच.

तेव्हा शिफारस अशी. जुन्या विमानाचे आधुनिकीकरण किंवा नव्या शस्त्राची जोडणी करून घ्यायची असेल तर देशात ओझरइतका अनुभवी हात दुसरा नाही, निःशंकपणे काम सोपवावे. परवान्यावर परदेशी विमान बांधून घ्यायचे असेल तर आधी करारातील कच्च्या मालाचे कलम वाचावे, आणि ते सुखोईसारखे असेल तर सही करू नये. तेजसच्या वेळापत्रकाबाबत मी गुण राखून ठेवत आहे. 2021 मधील 83 आणि सप्टेंबर 2025 मधील 97 विमानांच्या मागण्या एचएएलच्या हाती आहेत, ओझरच्या मालिकेची क्षमता वर्षाला आठ विमानांची सांगितली गेली आहे, आणि त्यांना लागणारी एफ-404 इंजिने अमेरिकेहून दीर्घ विलंबानंतर 2025 मध्ये येऊ लागली. ज्या वर्षी ओझरच्या हँगरमधून इंजिनासह, रडारसह आणि वायुदलाने स्वीकारून सही केलेली आठ तेजस विमाने बाहेर पडतील, त्या वर्षी वेळेच्या रकान्यात गुण भरता येतील.